टीव्हीचा आवाज बंद, मुलांचा सुरू

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आम्ही काहीजणी पहिली ते चौथीचे वर्ग घेतो. आमच्या वर्गात वारली बोलणारी मुलं असतात, किनाऱ्यावरची मांगेली बोलणारी असतात, एमआयडीसीतल्या कामगारांची हिंदी नाहीतर भोजपुरी बोलणारीही असतात. पुस्तकातली मराठी यांतल्या बहुतेकांना परकीच. अंगणात चिवचिवणारं पोर वर्गात तोंडाला कुलूप लावून बसतं आणि ‘याला काही येत नाही’ असा शिक्का बसतो. शिक्का बसलेलं मूल हळूहळू शाळेतच येईनासं होतं.

आता शाळांत टीव्ही आले. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, मोबाइल धरला की दीक्षा ॲपवर धडा उघडतो. चांगलंच आहे. पण टीव्ही बोलतो आणि तीस मुलं गप्प ऐकतात, यात बोलायला मिळालं कुणाला? टीव्हीलाच! म्हणून आम्ही आवाज बंद करतो. पडद्यावर काय चाललंय ते मुलांनी सांगायचं, सुचेल त्या बोलीत. दुसऱ्यांदा तेच मराठीत, जमेल तेवढं.

त्याहून उपयोगी पडला तो फोनमधला रेकॉर्डर. त्याला नेट लागत नाही. दोघादोघांची जोडी करायची, एकाने सांगायचं, दुसऱ्याने विचारायचं, मग दोघांनी ऐकायचं. एका मुलीने आजोबा तारपा कसा करतात ते सांगितलं. दोनच वाक्यं: “भोपळा घेतो. मग वाजवतो.” तिचा जोडीदार बोईसरच्या चाळीतला, तारपा कधी न पाहिलेला. भोपळा भाजीचा का? ओला की सुका? फुंकायचं कुठून? तिला सांगावंच लागलं. तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये वाळलेला दुधी आला, बांबूच्या नळ्या आल्या, ताडाचं पानही आलं. समोरच्याला कळलं की नाही हे पाहत बोलायचं असतं, हे तिला त्या प्रश्नांनी शिकवलं. आमच्या सांगण्याने ते झालं नसतं.

आपल्याच भागात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. महाग साधनांऐवजी त्यांनी पानं, शिंपले, खडे वापरले. हाताशी असेल ते घ्यायचं, हे आम्ही तिथूनच उचललं. आज हाताशी फोन आहे, इतकंच.

आयांना एक सांगणं. मुलांचे आवाज आम्ही कुठल्याही ग्रुपवर टाकत नाही, ऐकून झाले की पुसतो. तुम्हीही टाकू नका. आणि घरी मराठीतच बोल, असा धाक घालू नका. कामावरून दमून आल्यावर वेगळा वेळ कुठून काढणार? भाकऱ्या थापताना विचारा, आज जोडीदाराने तुला काय विचारलं? आपल्या बोलीतच विचारा.

वीज जाते, फोनची बॅटरी उतरते, ते चालायचंच. तेव्हा मुलं काडेपेटी तोंडाशी धरून माइक करतात आणि मुलाखत पुढे चालू ठेवतात.