खुज्यांच्या गडाचा कारभार

आज आपल्यापुढें एका गडाची हकीकत सांगावयाची आहे. हा गड सह्याद्रींत नाहीं, आणि कोणत्याही देशाच्या नकाशांत नाहीं. तो संगणकाच्या पडद्यावर बांधला जातो, तेथेंच लढतो आणि बहुधा तेथेंच पडतो. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ असें त्या खेळाचें नांव. मुलें ज्यांत तासन् तास बुडून जातात त्यांतलाच हा एक, अशा समजुतीनें मीं तो बरेच दिवस दूर ठेवला होता. हातीं घेतल्यावर ध्यानांत आलें कीं, ही कारभाराची शाळा आहे आणि तींत उत्तीर्ण होण्याची सोय ठेवलेली नाहीं. या खेळांत विजय असा नाहींच. वसाहत किती वर्षें तगली एवढाच हिशेब. ‘हरण्यांतच मौज आहे’ हें खेळणारांचें ब्रीद ऐकून मला प्रथम हंसूं आलें होतें.

खेळाचे कर्ते टार्न व झॅक अॅडम्स हे दोघे अमेरिकन बंधु. टार्न हे गणिताचे डॉक्टर. परंतु विद्यापीठांतील काम सोडून त्यांनीं या खेळास वाहून घेतलें. २००२ सालीं आरंभलेला हा खेळ ऑगस्ट २००६ मध्यें लोकांपुढें आला आणि पुष्कळ वर्षें तो विनामूल्य होता. खेळणारांच्या देणग्यांवर बंधूंचा निर्वाह चाले. पडद्यावर चित्रें नसत, नुसतीं अक्षरें व चिन्हें असत. खुजा म्हणजे एक हंसरा चेहरा, मांजर म्हणजे ‘सी’ हें इंग्रजी अक्षर! तरीही २०१२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें तो आपल्या संग्रहांत घेतला. चित्रांनीं सजलेली विकत मिळणारी आवृत्ति डिसेंबर २०२२ मध्यें निघाली.

आरंभीं संगणक एक संपूर्ण जग निर्माण करतो. डोंगर, नद्या, खडकांचे थर आणि शेंकडों वर्षांचा लढायांचा इतिहास त्यांत असतो. मग वसंताच्या तोंडावर सात खुजे एका गाड्यासह आपण निवडलेल्या जागीं उतरतात. ‘येथें खणा’, ‘तेथें खाटा करा’ एवढेंच आपण सांगावयाचें. तें केव्हां करावयाचें हें ज्याच्या त्याच्या भुकेवर, झोंपेवर आणि मर्जीवर अवलंबून. खुजे डोंगराच्या पोटांत घरें कोरतात, भुईखालीं अळंबीं लावतात आणि त्यांची दारू गाळतात. दारू न मिळाल्यास त्यांचें काम मंदावतें, ही गोष्ट आपल्या मद्यपाननिषेधक मित्रांनीं मनावर घेऊं नये. हिशेबाची बारकाई मात्र थक्क करणारी आहे. २०१५ सालीं खेळांत मद्यशाळा आल्या आणि मांजरें मटामट मरूं लागलीं. शोध केला तेव्हां असें आढळलें कीं, जमिनीवर सांडलेली दारू मांजरांच्या पायांस लागे, तीं पाय चाटीत आणि संगणक प्रत्येक चाटण्यास भरलेला पेला धरी!

माझ्या पहिल्या गडावर पहिलें संकट पाण्याचें आलें. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत दुर्ग बांधण्यापूर्वीं पाणी पाहावयास सांगितलें आहे, तें मला ठाऊक होतें. म्हणून मीं नदीजवळची जागा घेतली आणि नदीपासून विहिरीपर्यंत मोठ्या अभिमानानें भुयारी कालवा नेला. भोजनगृह मात्र नदीच्या पातळीखालीं कोरलेलें होतें. या खेळांतील पाण्यास दाब असतो. तें विहिरींतून वर उसळलें आणि भोजनगृहांत पसरलें. पाण्याची खोली एकापासून सातापर्यंत मोजतात, सात म्हणजे छत. पांचांवर आंकडा गेला तेव्हां मीं दार भिंतीनें बुजविलें. आंत एक खुजा झोंपलेला होता. पाणी एकदां कोपऱ्यांतून तिरकें वळविलें असतें तर त्याचा दाब मोडला असता, हें मला मागाहून कळलें.

तरीही गड वांचला. शरद ऋतूंत व्यापारी आले, नवे वसाहतवाले आले आणि चौथ्या वर्षीं वस्ती त्र्यांशीवर गेली. मग गॉब्लिनांची टोळी आली. दारापुढें खंदक होता आणि त्यावर उचलता पूल होता. पूल उचलण्याची कळ आंत होती. मीं आज्ञा दिली. पण कळ ओढावयास जो निघाला तो वाटेंत पाणी प्यावयास थांबला! तो पोंचेपर्यंत बाहेर तीन लांकूडतोडे राहिले होते. पूल उचलावा तर ते मरणार, न उचलावा तर सर्वच. मीं तो उचलूं दिला, आणि आजही तें चुकलें असें मला वाटत नाहीं.

वेढा उठला. गडाची एक वीटही ढळलेली नव्हती. पण त्या तिघांपैकीं एकाची बहीण गडावर गवंडीकाम करीत होती. पुलापलीकडे तिला भावाचें प्रेत दिसलें. दफन न झाल्यानें त्याचें भूत गडांत फिरूं लागलें. तिनें प्रथम आपली खाट मोडली, मग एका सुताराचें डोकें फोडलें. कोतवालानें तिला शिक्षा म्हणून मारलें, त्यांत ती मेली. तिला मित्र होते, सुतारासही होते. मी खेळलों ती आवृत्ति जुनी. तींत ही दुःखाची सांखळी फार भराभर चाले, पुढें कर्त्यांनीं ती मंद केली. एका हिवाळ्यांत त्र्यांशीचे अकरा झाले. शत्रु त्या वेळीं कोसभरही जवळ नव्हता.

हें टाळतां येत नाहीं असें नाहीं. प्रत्येकास स्वतंत्र खोली, कोरीव भिंतींचें भोजनगृह, तुषार उडविणारा धबधबा यांनीं खुजे सुखावतात. प्रेत हातीं न लागलें तरी नांव कोरलेली एक शिळा उभारली म्हणजे भूत शांत होतें. हें सारें मला ठाऊक होतें. परंतु दगड तटास लागत होता, कोरक्या दुसऱ्या कामावर होता, आणि तीन शिळांचें काम मीं ‘पुढें पाहूं’ म्हणून ठेविलें होतें. कारभार करणाऱ्या कोणास हे शब्द अपरिचित असतील असें मला वाटत नाहीं.

उरलेले अकराही पुढें गेले. पडलेला गड जगांतून नाहींसा होत नाहीं. तेथें पुन्हा वसाहत करतां येते. मीं नवे सात खुजे पाठविले. भोजनगृहांत गंजलेलीं शस्त्रें आणि हाडें पसरलेलीं होतीं. भिंतीवर जुन्या कोरक्यानें शेवटच्या हिवाळ्यांत कोरलेलें चित्र तसेंच होतें. तो लांकूडतोड्याचा मृत्यु होता; कोणी मारलें त्याचें नांव होतें आणि सालही होतें. बहिणीविषयीं कांहींच नव्हतें. मीं नांगरट थांबविली आणि प्रथम चार शिळा कोरविल्या. त्या वर्षीं अळंब्यांची पेरणी उशिरा झाली.