थुंकी नव्हे, बेडका हवा
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्याच्या स्मरणार्थ हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. पुढे औषधेही निघाली. तथापि रोग्याच्या छातीतील जंतू प्रयोगशाळेपर्यंत पोचविण्याचे काम आजही माणसांनाच करावे लागते. त्या साध्या वाटणाऱ्या कामाविषयी मी आज बोलणार आहे.

आपण सहज म्हणतो, "थुंकी तपासून घ्या." ऐकणारा मनुष्य तोंडातील लाळ डबीत थुंकतो आणि निश्चिंत होतो. हा दोष त्याचा नव्हे, आपल्या शब्दाचा आहे. फुप्फुसाच्या क्षयाचे जंतू छातीतून खोकून काढलेल्या घट्ट बेडक्यात असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसावयाचे तर एक मिलिलिटर बेडक्यात साधारणतः पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. नुसत्या लाळेत ते कोठून मिळणार? मग 'जंतू आढळले नाहीत' असा अहवाल येतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि खोकला व संसर्ग दोन्ही चालूच राहतात. चुकीचा नमुना हा नमुना नसण्यापेक्षाही घातक ठरतो, तो असा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या व्यक्तीचे सामान्यतः दोन नमुने घेतात. एक आरोग्य केंद्रात त्याच वेळी आणि दुसरा सकाळी उठल्याबरोबर. रात्रभर छातीत साचलेला बेडका सकाळी मिळतो, म्हणून त्याचे महत्त्व अधिक. प्रथम साध्या पाण्याने चूळ भरावी. उघड्या हवेत, इतरांपासून दूर जावे. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकावे. दोन ते पाच मिलिलिटर बेडका पुरेसा होतो. बंद खोलीत किंवा शौचालयात नमुना घेऊ नये, कारण तेथील हवेत जंतू रेंगाळतात.

डबीचे झाकण घट्ट फिरवावे. नाव व तारीख डबीच्या अंगावर लिहावी, झाकणावर नव्हे. झाकणांची अदलाबदल झाली तर एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर जातो! माहितीचा कागद डबीभोवती न गुंडाळता वेगळ्या पिशवीत ठेवावा.

नमुना त्याच दिवशी पाठविणे उत्तम. ते शक्य नसेल तर तो केंद्रातील शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावा, गोठवू मात्र नये. घरातील अन्नाच्या शीतकपाटात तो कदापि ठेवू नये. उन्हात पडून राहिलेल्या नमुन्यात क्षयाचे जंतू मरतात आणि इतर जंतू माजतात. मग जंतू वाढवून करावयाची तपासणी वाया जाते. पाठविताना तीन आवरणे असावीत. आत डबी, तिच्याभोवती कापूस घातलेली बंद पिशवी आणि बाहेर बर्फाच्या पिशव्या ठेवलेला मजबूत डबा. डबी सदैव उभी ठेवावी.

आता सीबीनॅट, ट्रूनॅट अशी यंत्रे आली आहेत. थोडे जंतू असले तरी ती ओळखतात आणि रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, हेही काही तासांत सांगतात. परंतु डबीत जे गेलेच नाही, ते कोणतेही यंत्र शोधू शकत नाही.

शिक्षकांनी पालकांना 'थुंकी' आणि 'बेडका' यांतील भेद समजावून द्यावा. पंचायतीने नमुने केंद्रापर्यंत वेळेवर पोचतील अशी वाहनाची सोय पाहावी. आशा कार्यकर्ती डबी घेऊन दारी आली तर तिच्याकडे किळसेने पाहू नये. शासकीय केंद्रात ही तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. त्यांचा लाभ होणे मात्र त्या लहानशा डबीत काय भरले जाते यावर अवलंबून आहे. प्रयोगशाळेचे काम आपल्या गावच्या ओसरीवरच सुरू होते, याची जाणीव ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.