न वाचलेल्या वहीचे मार्क
(दुसरबीड येथील भाषण)



शिका, असं बाबासाहेबांनी सांगितलं. आपण वह्या धरल्या. त्या वह्यांचं पुढं काय होतं, ते विचारायला मी दुसरबीडात उभा आहे.

दहावीला मराठीचे ८० मार्क लेखी, २० शाळेच्या हातात. कॉलेजात जर्नल. माझं जर्नल तपासून परत आलं, तर आतली चिकटलेली पानं तशीच चिकटलेली. शेवटी लाल सही. २० पैकी ११. विचारलं, अकराच काहून? उत्तर आलं, पद्धत आहे.

कोणती पद्धत? कुणाला सांगितली? मास्तराच्या पोराला ती घरीच कळते : ही वही नुसती जमा करायची, ती मात्र वाचतात, नीट लिही. आपला बाप सोयाबीन काढतो, माय निंदायला जाते. त्यांना कोण सांगणार?

बरं, लेखी पेपरावर नंबर असतो. वहीवर आडनाव असतं! न वाचता मार्क टाकायचा, तर हात कशाकडं बघून चालतो?

मी मास्तरांचा दुश्मन नाही. वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची ड्युटी. प्रत्येक पान वाचणं होत नाही, कबूल. मग तसं सांगा ना! शाळा उघडली की फळ्यावर लिहा : दहा स्वाध्यायांतले तीन वाचीन, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढीन. बाकीचे केले की नाही एवढंच बघीन. वाचलेल्याला इतके मार्क, जमा केल्याला इतके, सगळ्यांना सारखे. ज्याची वही वाचली नाही, त्याला तसं स्पष्ट सांगा.

२०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्महिने रखडले. बोंब झाली, ऑक्टोबरात कुलगुरूंना जावं लागलं. २०११ साली सुप्रीम कोर्टानं सीबीएसईच्या खटल्यात सांगितलं, की तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे. बोर्डाच्या पेपराची छायाप्रतही मागता येते. पण हे पेपरांचं झालं. कपाटात पडलेल्या आपल्या वहीसाठी कोण बोंब मारणार?

आपणच. एकट्यानं विचारलं तर त्याला आगाऊ म्हणतील, प्रॅक्टिकलला बघून घेतील. म्हणून दहाजणांनी मिळून, सह्या करून, लेखी विचारा : आमचं काय वाचणार, काय वाचणार नाही, आणि मार्क कशाचे देणार? मुंबई-पुण्याच्या पोरांनो, तुम्हीही विचारा. उत्तर लेखीच घ्या, आणि ते नोटीस बोर्डावर लावायला लावा. पुढच्या वर्षी येणाऱ्या पोराला ते वाचता आलं पाहिजे.

जयभीम!