फ्रीजमधलं गोल बटण



उन्हाळा लागला की तुळजापुरात घरोघरी एकच बोलणं, लाईटबिल वाढलं. आमच्या गटाच्या मागच्या बैठकीला आम्ही सगळ्याजणी बिलं घेऊनच बसलो. पंखा, कूलर, टीव्ही, मोटर, सगळ्यांवर खापर फोडून झालं. फ्रीजचं नाव कुणी घेतलं नाही. आणि दिवसरात्र चालू असतो तो तोच!

मग आम्ही एकमेकींच्या घरी जाऊन फ्रीज उघडून बघितले. आतलं गोल बटण बऱ्याच घरांत शेवटच्या आकड्यावर होतं. आकडा वाढवला की लवकर गार होतं, असा आमचा समज होता. तसं नसतं. त्या बटणाला थर्मोस्टॅट म्हणतात. आपण ठरवलेला गारवा आला की ते कॉम्प्रेसर बंद करतं, आत गरम झालं की परत चालू करतं. फ्रीजच्या मागून घर्र आवाज येतो आणि थांबतो, तो त्याचाच. आपल्या साध्या फ्रीजमध्ये आकडा वाढवून गार होण्याचा वेग वाढत नाही, कॉम्प्रेसर मात्र जास्त वेळ चालतो. मीटरही तेवढंच फिरतं.

एका घरी तर वेगळंच दिसलं. सासूबाईंना शुगर आहे. त्यांच्या इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्याखाली गोठून गेली होती. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. म्हणजे बिलही गेलं आणि औषधही गेलं.

मग आकडा ठेवायचा किती? फ्रीजच्या खालच्या भागात ३ ते ५ अंश गारवा पुरतो. ताप बघायचा थर्मामीटर इथं चालत नाही. आम्ही गटात मिळून फ्रीजचा एक थर्मामीटर घेतला, तो घरोघर फिरतो. रात्री पेलाभर पाण्यात तो ठेवून पेला मधल्या फळीवर ठेवायचा, सकाळी बघायचं. ५ च्या वर असेल तर बटण एक आकडा वाढवा, ३ च्या खाली असेल तर एक आकडा कमी करा. एक दिवस थांबून परत बघा. थर्मामीटर नसेल तर खूण ओळखा. भाजीवर बर्फाचे कण आले तर गारवा जास्त, दूध लवकर नासलं तर कमी.

नवरात्रात पाहुणे येतात, फ्रीज गच्च भरतो, दार सारखं उघडतं. तेव्हा आकडा एकानं वाढवा. पाहुणे गेले की आठवणीनं खाली आणा.

काहीजणी बचत म्हणून रात्री फ्रीज बंदच करतात. तसं करू नका. दूध नासतं, आणि सकाळी गरम झालेला फ्रीज गार करायला कॉम्प्रेसर एकदम जास्त वेळ चालतो. बंद-चालू करायचं काम थर्मोस्टॅटचं आहे, ते त्यालाच करू द्या.

बाकीची काळजी साधी आहे. गरम भांडं आत ठेवू नका. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर ढिलं झालंय. बर्फाचा थर साचला तर वितळवून टाका.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटांना जास्त. म्हणून जिचं बिल शंभरीच्या काठावर आहे, तिला थोडे युनिट वाचले तरी फरक पडतो.

आता एक काम करा. आज मीटरचा आकडा वहीत लिहा, सात दिवसांनी परत लिहा. मग बटण नीट लावून आणखी सात दिवस मोजा. बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. कुणाचे किती युनिट वाचले, ते आपण एकमेकींना सांगू.