दलदलीतले जिवाणू आणि आपले युरियाचे पोते
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत एक भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "पृथ्वी तापते त्यात शेतकऱ्याचाही हात आहे, असे टीव्हीवर सांगतात. आम्ही काय केले?" त्या दिवशी वेळ संपली होती. आज उत्तर देतो, पण त्यासाठी आधी इंडोनेशियाला जावे लागेल.

जाण्याआधी घरचीच गोष्ट. गोबरगॅसच्या टाकीत शेण कालवून सोडले आणि हवा लागू दिली नाही, की हवेवाचून जगणारे जिवाणू ते कुजवतात आणि मिथेन सोडतात. तोच चुलीत जळतो. तेच शेण उकिरड्यावर मोकळे टाकून खालीवर केले, की हवेवर जगणारे जिवाणू ते भराभर खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेण एकच. हवा आहे की नाही, एवढाच फरक.

उष्ण प्रदेशातले दलदलीचे जंगल म्हणजे निसर्गाने बांधलेली अशीच टाकी. पाला पाण्यात पडतो, हवा मिळत नाही, पाणी आंबट, त्यामुळे पडतो तेवढा कुजत नाही. थरावर थर साचतात. त्याला पीट म्हणतात. खालून मिथेन निघतो खरा, पण वरच्या थरात तो खाणारे दुसरे जिवाणू बसलेले असतात. बराचसा तिथेच संपतो. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात, कालिमंतानमध्ये, हा थर कुठे तीन मीटर, तर कुठे दहा मीटर खोल आहे. आपल्या विहिरीएवढा, आणि हजारो वर्षांचा.

इंडोनेशिया १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झाला होता. पुढे पुन्हा आयात करावी लागली. तेव्हा १९९५ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी फर्मान काढले की, या दलदलीत दहा लाख हेक्टर भातशेती उभी करायची. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खोदले. झाडे तोडली, लाकूड गेले. जावा बेटावरून शेतकरी आणून वसवले. ही माती आंबट आहे, भात धरणार नाही, हे तिथला कोणीही जाणता माणूस सांगू शकला असता. पण विचारतो कोण? फर्मान राजधानीतून निघाले होते. आपल्याला हे नवीन नाही.

कालव्यांनी पाणी ओढून नेले आणि पीटमध्ये हवा शिरली. हजारो वर्षे अडून राहिलेले काम जिवाणूंनी सुरू केले. पीट कुजू लागले, जमीन खचू लागली, कार्बन डायऑक्साइड वर जाऊ लागला. १९९७ साली पावसाने दगा दिला आणि कोरडे पीट पेटले. आग जमिनीच्या पोटात महिनोन् महिने धुमसत राहिली. त्या वर्षी इंडोनेशियातल्या या आगींतून जेवढा कार्बन हवेत गेला, तो साऱ्या जगाने वर्षभरात कोळसा-तेल जाळून सोडलेल्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के असावा, असा शास्त्रज्ञांचा २००२ चा अंदाज आहे.

आणि आधी बोट कोणाकडे दाखवले? जंगल जाळून पेरणी करणाऱ्या लहान शेतकऱ्याकडे! पुढे उपग्रहाची चित्रे आल्यावर सरकारलाच मोठ्या कंपन्यांची यादी जाहीर करावी लागली. भात फारसा पिकला नाही. १९९९ पर्यंत प्रकल्प गुंडाळला. वसवलेल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला खचलेली जमीन आली.

आता आपल्याकडे या. कोरडवाहूच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. जाळायला पीट नाही की निघायला मिथेन नाही. तेव्हा त्या भावाचा राग रास्त आहे. पण एक गळती आपल्याकडेही आहे, ती लपवून मी तुमची फसवणूक करणार नाही.

कृषी महाविद्यालयात चार वर्षे मी खतांच्या मात्रा पाठ केल्या. वाफसा मात्र मला वडिलांच्या वखराने शिकवला. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. झडीत शेत चिबडले की हवा संपते. मग काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. तो हवा तापवण्यात, वजनाला वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जबर. आणि ते नत्र तुमच्याच पोत्यातले! कपाशी पिवळी पडली म्हणून आपण चिखलातच दुसरे पोते फोडतो, त्याचीही हीच गत.

आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा येऊ द्या. मग थोडे थोडे खत द्या आणि मातीआड करा. हे आकाशासाठी करू नका, खिशासाठी करा. आकाशाचे ज्यांनी बिघडवले त्यांनी आधी बघावे.

कार्बनचे पैसे देतो म्हणून कोणी गावात कागद घेऊन आला, तर एवढेच विचारा: माती कोणाच्या शेतातली मोजली, कधी, आणि किती खोल? उत्तर मिळेपर्यंत सही नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने माती परीक्षणाचा कागद आणावा. ज्याने परीक्षण केले नसेल, त्याने पिशवीत माती आणावी. मीही माझ्या शेतातली आणतो.