आपली माणसे आणि न्याय
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



नीती आणि व्यवहार यांविषयी आम्ही चार शब्द बोलावे, अशी संस्थेच्या चालकांची आज्ञा झाली. विषय अफाट आहे. म्हणून त्यातील एकच प्रश्न आम्ही घेतो. आपल्या माणसांवर इतरांहून अधिक प्रेम करणे न्यायाला धरून आहे काय? आपली संस्था ज्ञातीतील मुलांना शिष्यवृत्त्या देते, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

प्रश्न तसा पुरातन आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे गात्र गळाले ते समोर स्वजन दिसले म्हणून. समोर केवळ परके असते, तर गांडीव हातून सुटले असते काय? इंग्लंडात विल्यम गॉडविन या तत्त्वचिंतकाने १७९३ साली हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने मांडली. वाड्यास आग लागली आहे. आत थोर ग्रंथकार फेनेलाँ आणि एक दासी सापडली आहेत. वाचविता येईल ते एकालाच. गॉडविनचा निवाडा असा की, ज्याच्या हातून लोकांचे अधिक कल्याण होईल त्या फेनेलाँलाच वाचवावे. मग ती दासी आपली माता का असेना!

हा निवाडा आम्हांस मानवत नाही. मातेची हाक कानी आल्यावरही जो हिशेब मांडीत बसतो, त्याच्या हाती परक्यांचे तरी हित सुखरूप राहील काय? माया ही प्रथम घरातच शिकावी लागते. तथापि घरात शिकलेली माया घरातच कोंडून ठेवावी काय, ही गॉडविनने जागी केलेली शंका मात्र उरतेच.

तिचे उत्तर आम्हांस कोल्हापूर-साताऱ्याच्या इतिहासात दिसते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि पुढे निरनिराळ्या ज्ञातींची व धर्मांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. खेड्यातील मुलास शहरात पाठ टेकण्यास जागा मिळाली, ती या ज्ञातिप्रेमामुळेच. कर्मवीर भाऊराव पाटील अशाच जैन वसतिगृहात राहून शिकत होते. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंक्तीत आणले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, मोडले. ज्ञातीच्या उंबऱ्यापाशी जी थांबली ती माया अपुरी ठरली. जी उंबरा ओलांडून गेली ती थोर ठरली.

यावरून व्यवहाराचा एक नियम आम्ही काढतो. आपल्या खिशातील द्रव्य आपल्या माणसास द्यावे. ते दान होय. परंतु जी खुर्ची सर्वांनी आपल्या हवाली केली, तिच्यावरून आपल्या माणसास देणे ही चोरीच होय. घटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली आहे. मागासलेल्या वर्गांसाठी राखीव जागा असतात, त्या जाहीर नियमाने, न्यायासाठी. ज्ञातिबांधवाच्या नावाने टेबलाखालून सरकविलेली चिठ्ठी मात्र न्यायावर घातलेला घाला आहे. येथे मन मोठे लबाड असते. ते पक्षपात करतो असे कधीच म्हणत नाही. ‘मुलगा खरोखरच हुशार आहे हो!’ असे म्हणते. अशा वेळी स्वतःस एवढेच विचारावे : दुसऱ्या ज्ञातीच्या अधिकाऱ्याने हेच केले असते, तर आपण त्यास काय म्हटले असते?

जाता जाता एक नम्र सूचना. संस्थेच्या शिष्यवृत्तिनिधीतून दरवर्षी एक तरी शिष्यवृत्ती ज्ञातीबाहेरील गरजू मुलास वा मुलीस द्यावी. आपल्या मुलांचा घास त्याने हिरावला जाणार नाही, इतपत वर्गणी वाढविणे आपणांस अवघड नाही. शिवाय आपलेपण कोठवर पसरू शकते, हे आपली मुले त्यातून डोळ्यांनी पाहतील. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.