खर्रा : पन्नीवर घडणारं रसायन

नशेच्या रसायनांवर व्याख्यान म्हटलं की डोळ्यांसमोर परदेशी गोळ्या-पुड्या येतात. प्रयोगशाळेत तयार होणारी डीईटी, डीएमटी ही ट्रिप्टामाइन कुळातली द्रव्यं माणसाला भास घडवतात. 1985च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत ती नावानिशी आहेत, नुसती बाळगली तरी गुन्हा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र मेंदूवर चालणारं रसायन चौकाचौकात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटलं जातं. मी खर्ऱ्याविषयी बोलतो आहे.

पानठेल्यावर नीट पाहा. पन्नीवर सुपारीचा चुरा, तंबाखू, वर चुना, आणि मग हाताखाली जोर लावून घोटणं. तंबाखूतलं निकोटीन बहुतांशी आम्लांशी बांधलेलं असतं. चुना ते मोकळं करतो आणि ते गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून थेट रक्तात उतरतं. सुपारीतलं अरेकोलीन जोडीला असतंच. अंगात ऊब येते, तोंडाला पाणी सुटतं, भूक मरते, तरतरी वाटते. रोवणीत दिवसभर वाकलेल्या बाईला किंवा तेंदूपानं तोडणाऱ्याला खर्रा का हवासा वाटतो, हे मला पुरेपूर कळतं.

पण त्याच गालात तंतू वाढत जातात, आणि सुपारीतलं तांबं ते घट्ट आवळायला मदत करतं. आधी तिखट झोंबू लागतं. मग गाल पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, घास घ्यायला तोंड उघडत नाही. काहींना पुढे कर्करोग होतो. तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोग करते, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा निष्कर्ष 2004 साली छापून आला. ‘तंबाखू कमी टाक’ म्हणून सुटका नाही.

कायदा? 2012 साली राज्याने अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखाबंदी केली. असा आदेश एका वेळी फार तर वर्षभराचा, पुन्हापुन्हा काढावा लागतो. तो प्रत्यक्षात कारखान्यातल्या पुडीला पकडतो. खर्ऱ्याला कारखाना नाही, छाप नाही. सुपारी, चुना, साधी तंबाखू वेगवेगळी बाजारात उघड मिळतात, आणि घातक मिश्रण तर ठेल्यावर मिनिटभरात होतं. 2015च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तरी बापाचा खर्रा आणायला पोरगंच धावतं!

दारूवर आपण जिवाच्या आकांताने भांडलो. गडचिरोलीत 1993 साली बंदी आली. चंद्रपुरात 2015 साली आली, 2021 साली उठली. खर्ऱ्यावर तेवढा आवाज उठला नाही. 2016 साली गडचिरोलीत सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने दारू आणि तंबाखू दोन्ही एकत्र हाती घेतले, ते मला फार योग्य वाटतं.

माझी मागणी एकच आहे. आश्रमशाळांत वजन-उंचीबरोबर मुलाचं तोंडही तपासा. त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या. आखडलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही. खर्रा लवकर सुटला तर निदान पुढचं आखडणं रोखता येतं.